७०० मिमी मिळतील, पण प्रकाशाचं काय?

निकॉनच्या २००-५०० मिमी लेन्सला १.४ एक्स टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारं, चित्र १.४ पट मोठं करणारं भिंग) लावून भिगवणच्या फ्लेमिंगोंसाठी फायदा होईल का, असं वर विचारलंय. ७०० मिमी मिळतील हे खरं, पण लेन्सचं प्रकाश आत घेण्याचं माप एफ/५.६ चं एफ/८ होतं, म्हणजे प्रकाश निम्मा. पहाटे होडीतून १/१००० सेकंद शटरला आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ८०० पुरत असेल, तर तिथे १६०० करावा लागेल. त्यात तुमची कॅमेरा बॉडी डी७५००. एफ/८ ला तिचा फक्त मधला एकच फोकस पॉइंट चालतो. चिखलात उभ्या पक्ष्यासाठी तेवढा पुरे, पण घिरट्या घालणारे सुरय पक्षी त्या एका ठिपक्यात धरून ठेवणं फार कठीण. २ एक्सच्या वाटेला तर जाऊच नका. एफ/११ ला डीएसएलआरचा ऑटोफोकस हात टेकतो.

पाण्यावरची हवा ऊन चढलं की थरथरायला लागते. मग ७०० काय नि १००० काय, पिसं पुसटच येणार. त्यापेक्षा नावाड्याला सांगून थोडं जवळ जा, पक्षी बिचकणार नाहीत इतकंच.

एक फायदा मात्र कुणी सांगितला नाही. कन्व्हर्टर लावल्यावर लेन्सचं किमान फोकस अंतर वाढत नाही. त्यामुळे चतुर, फुलपाखरं तेवढ्याच अंतरावरून १.४ पट मोठी मिळतात. दुपारच्या लख्ख उन्हात एफ/८ ची अडचणही नसते. माझा कन्व्हर्टर जास्त वापरला जातो तो याच कामाला.

विकत घेण्याआधी शनिवार-रविवारपुरता भाड्याने घ्या आणि ५०० चा फोटो क्रॉप करून शेजारी ठेवून बघा.