लॅपटॉपच्या पडद्यावर व्हिडिओ आणि गेम फाटतात, प्रोजेक्टरवर मात्र नाही

साखळी_मिंट
नमस्कार मंडळी. लिनक्स मिंट, एक्सएफसीई डेस्कटॉप, एक्स११ डिस्प्ले सर्व्हर. लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हीडिया अशी दोन ग्राफिक्स आहेत, प्राइममध्ये (कोणते ग्राफिक्स वापरायचे ते ठरवणारी सोय) एनव्हीडिया निवडले आहे. शिगम्यातल्या रोमटामेळाचा (ढोल-निशाणांच्या मिरवणुकीचा) व्हिडिओ लावला की कॅमेरा आडवा फिरताना निशाणाची काठी मधेच तुटलेली दिसते. सुपरटक्सकार्ट या शर्यतीच्या गेममध्येही तेच, व्हीसिंक (फ्रेम पडद्याच्या फेरीशी जुळवणारी सेटिंग) चालू असून. एचडीएमआयवरचा प्रोजेक्टर स्वच्छ. फाट थांबवण्यासाठी इंटेलची टीअरफ्रीवाली कॉन्फ फाइल केली, त्याचसाठी एनव्हीडिया सेटिंग्जमध्ये फोर्स फुल कंपोझिशन पाइपलाइन लावली. काही फरक नाही. स्क्रीनशॉटमध्ये दोष येतच नाही.

फोंडा_कर्नल
स्क्रीनशॉटमध्ये तो येणार नाही. फ्रेम पूर्णच असते. ती पॅनलकडे (लॅपटॉपच्या पडद्याकडे) ओळीओळीने जाताना मधेच बदलली की वर जुनी, खाली नवी दिसते. ६० हर्ट्झला पडदा वरून खाली रंगवण्याची एक फेरी १६.७ मिलीसेकंदांची.

प्रोजेक्टर स्वच्छ आहे यातच उत्तर आहे. तुमचा एचडीएमआय थेट एनव्हीडियाला जोडलेला दिसतो, पॅनल इंटेलला. म्हणजे चित्र एनव्हीडिया काढते आणि पॅनलसाठी ते इंटेलकडे कॉपी होते. ही कॉपी पॅनलच्या फेरीशी जुळवलेली नाही, म्हणून गेममधला व्हीसिंक निरुपयोगी. कंपोझिशन पाइपलाइनही एनव्हीडियाच्या स्वतःच्या आउटपुटांपुरतीच चालते. तुम्हाला प्राइम सिंक हवे, म्हणजे ही कॉपी पॅनलच्या फेरीशी जुळवणारी सोय.

सगळ्यात आधी ती टीअरफ्री फाइल काढून टाका. हा सल्ला फक्त इंटेल असलेल्या मशीनसाठी ठीक आहे. इथे तिच्यामुळे जुना इंटेल ड्रायव्हर लादला जातो आणि त्याला प्राइम सिंक जमत नाही. इंटेलसाठी एक्सचा मोडसेटिंग ड्रायव्हरच लागतो.

मग इटीसीमधल्या मोडप्रोब.डी फोल्डरात एक कॉन्फ फाइल करून एकच ओळ लिहा: ऑप्शन्स एनव्हीडिया-डीआरएम मोडसेट=१. ओळ अर्थात इंग्रजीत. मग सुडोने (अॅडमिन अधिकाराने) अपडेट-इनिटरॅमएफएस -यू चालवा, म्हणजे बूटच्या वेळची फाइल नव्याने बनेल, आणि रीबूट करा. ही पायरी विसरली तर जुनीच सेटिंग लोड होते, आणि बहुतेक लोक इथेच अडकतात. नंतर सिस फोल्डरातल्या मॉड्यूल, एनव्हीडिया_डीआरएम, पॅरामीटर्स या वाटेवरची मोडसेट फाइल सुडोने कॅट करा, म्हणजे तिच्यातला मजकूर दिसेल. वाय आले पाहिजे. शेवटी एक्सरँडर --प्रॉप चालवून लॅपटॉपच्या पॅनलखाली प्राइम सिंक्रोनायझेशनपुढे १ आहे ना बघा.

साखळी_मिंट
आधी एन होते, आता वाय आले. पॅनलवरची फाट गेली, देव बरें करूं! पण प्रोजेक्टरवर कॅमेरा फिरताना चित्र जरा अडखळते. फाटत नाही.

म्हापसा_एमपीव्ही
हा वेगळा आजार, टिअरिंग (चित्र फाटणे) म्हणून त्यावर औषध करू नका. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा आहे का बघा, आपल्याकडची बरीच रेकॉर्डिंग तशी असतात. ६० हर्ट्झवर प्रत्येक फ्रेमला २.४ फेऱ्या येतात, म्हणजे एक फ्रेम २ वेळा, दुसरी ३ वेळा. डोळ्यांना ते खटकते. प्रोजेक्टरला ५० हर्ट्झ मोड असेल तर डिस्प्ले सेटिंग्जमध्ये तोच निवडा, प्रत्येक फ्रेमला बरोबर २ फेऱ्या मिळतील. एमपीव्ही हा व्हिडिओ प्लेअर वापरत असाल तर त्याच्या कॉन्फ फाइलीत व्हिडिओ-सिंक=डिस्प्ले-रीसॅम्पल टाका. आवाजाचा वेग किंचित बदलून तो चित्र पडद्याशी जुळवतो.

पुढे फक्त फुल स्क्रीनला फाट दिसली तर विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये कंपोझिटर (खिडक्या एकत्र करून पडद्यावर मांडणारा भाग) टॅब उघडा आणि फुल स्क्रीन खिडक्या थेट दाखवण्याची खूण काढून टाका.

फोंडा_कर्नल
गेमबद्दल एक राहिले. प्राइम सिंकमुळे किंचित उशीर वाढतो, तो वेगवान शर्यतीत हाताला जाणवतो. तेवढ्यापुरते बंद करायचे तर एक्सरँडरनेच पॅनलच्या आउटपुटला प्राइम सिंक्रोनायझेशन ० सेट करा, खेळून झाल्यावर १. रीबूट लागत नाही. नावात मोकळी जागा आहे, म्हणून ते अवतरणचिन्हांत लिहा, नाहीतर कमांड चुकेल.