बॅकअपसाठी दोन वेगळ्या कंपन्यांच्या हार्ड डिस्क हव्या आहेत. कोणत्या घेऊ?

धंतोलीचा_कॅमेरा:
लग्नाचे फोटो-व्हिडिओ काढतो. प्रत्येक लग्नाचा डेटा दोन डिस्कवर ठेवतो, आणि दोन्ही एकाच कंपनीच्या नकोत, म्हणजे एका कंपनीचा माल खराब निघाला तरी दुसरी प्रत राहते. २ टीबीच्या घ्यायच्या आहेत. बर्डीवर दुकानदारानं सीगेट, लासी आणि ट्रान्सेंड दाखवल्या. सीगेट आणि लासी घेऊन टाकू का?

जुनीडिस्क:
भाऊ, ही जोडी नका घेऊ. लासी २०१२ पासून सीगेटचीच आहे. ट्रान्सेंड आणि एडेटा फिरणारी डिस्क स्वतः बनवतच नाहीत, विकत घेऊन आपल्या डब्यात बसवतात. तुम्हाला मिळालेल्या डब्यात कोणाची निघेल ते बाहेरून कळत नाही.

हार्ड डिस्क बनवणारे आता जगात तीनच उरलेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल (डब्ल्यूडी), तोशिबा. बाकीचे एकमेकांत जिरले. क्वांटमचा डिस्कचा धंदा मॅक्सटरनं घेतला, मॅक्सटरला २००६ मध्ये सीगेटनं. फुजित्सूचा २००९ मध्ये तोशिबाकडे गेला. १९५६ मध्ये पहिली हार्ड डिस्क काढणाऱ्या आयबीएमनं हा विभाग हिताचीला विकला आणि हिताचीचा २०१२ मध्ये डब्ल्यूडीकडे आला. तेव्हा स्पर्धा टिकावी म्हणून डब्ल्यूडीला साडेतीन इंची डिस्कचं काही उत्पादन तोशिबाला द्यावं लागलं. तिसरा खेळाडू त्यामुळे तगला, आणि आपल्याला आज तो पर्याय आहे हे फार बरं झालं.

महाल_वाला:
मग सॅमसंग? माझ्याकडे त्यांची जुनी पोर्टेबल डिस्क आहे.

जुनीडिस्क:
सॅमसंगचा हार्ड डिस्कचा धंदा डिसेंबर २०११ मध्ये सीगेटकडे गेला. त्यानंतरची असेल तर माल सीगेटचा. सॅमसंगची एसएसडी, म्हणजे फिरणाऱ्या डिस्कऐवजी चिपवर डेटा ठेवणारी, मात्र त्यांची स्वतःची. चिप बनवणाऱ्यांचं घराणंच वेगळं आहे.

घरी असलेली डिस्क तपासायची तर कॉम्प्युटरवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर टाका आणि मॉडेल नंबर पाहा. एसटीनं सुरू झाला तर सीगेट, डब्ल्यूडीनं वेस्टर्न डिजिटल, एमक्यूनं तोशिबा.

रिकव्हरी_नागपूर:
एक गोष्ट जोडतो, कारण फोटोवाल्यांच्या डिस्क माझ्याकडे नेहमी येतात. डब्ल्यूडी माय पासपोर्टमध्ये यूएसबीचं सॉकेट थेट डिस्कच्या बोर्डावरच असते. ते तुटलं तर डिस्क काढून साध्या साटा केबलला (कॉम्प्युटरच्या आतली डिस्क जोडायची केबल) लावता येत नाही, काम वाढते. म्हणून ती घरी ठेवायची प्रत करा. बॅगेत फिरणारी दुसरी घ्या. आणि वॉरंटीत नवी डिस्क मिळते, डेटा नाही. लग्न पुन्हा लागत नाही, म्हणून हे बिल देतानाच गिऱ्हाईकाला सांगत जा.

धंतोलीचा_कॅमेरा:
मग एक डब्ल्यूडी आणि एक तोशिबा?

जुनीडिस्क:
हो, किंवा तोशिबाऐवजी सीगेट. नाव आणि कारखाना एकच असलेल्यातल्या घ्या, म्हणजे आत काय आहे याचा अंदाज करत बसावं लागत नाही. मोठी फाइल टाकताना शेवटी वेग पडला तर घाबरू नका. अशा पोर्टेबल, अडीच इंची डिस्कमध्ये बहुतेक वेळा डेटाचे पट्टे थोडे एकमेकांवर चढवून लिहितात, त्यामुळे असं होते.

रिकव्हरी_नागपूर:
मे महिन्यात गाडीत ठेवू नका. माहितीपत्रकात वापरासाठी बहुतेक ३५ अंशांपर्यंतच तापमान दिलेलं राहते आणि आपल्याकडे ४५ होते. कॉपी रात्री लावा, कूलरच्या ओल्या झोतापासून लांब.