‘नव्याचा सण’: नवं काय, वर्ष की भात?

कुंदा: आजीच्या पाककृतींची वही भाचीसाठी हिब्रूत उतरवते आहे. ती इस्रायलमध्ये अश्दोदला वाढली, मराठी बोलते पण वाचता येत नाही. पहिल्याच पानावर अडलंय: ‘नव्याच्या सणाचा चिकाचा हलवा’. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी; घरात रोश हशानाला, यहुदी नववर्षाच्या सणाला, नव्याचा सणच म्हणत आलो. मी सरळ ‘नवीन वर्षाचा’ केलं, तर थोरल्या मामांनी हटकलं, “वर्षाचा नव्हे गं, नव्या भाताचा.” कुणाचं धरू?

चौलकर: मामांचं धरा. कोकणात ‘नवं’ हे नामच आहे. भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं, कुरडू एकत्र करून दाराला नवं बांधतात. हळवा भात ह्याच सुमारास कापणीला येतो. तुमचे लोक शतकानुशतकं आमच्याच गावांत तेलाचे घाणे चालवत होते. शनिवारी घाणा बंद, म्हणून ‘शनवार तेली’. शब्द एकाच शिवारातले.

रसिका: काका, तिथी जुळत नाही. नवं बांधतात दसऱ्याला नाहीतर पुनवेला, रोश हशाना अमावास्येच्या पाठोपाठ येतो. भाताशी जोडायचंच तर पुनवेच्या सुक्कोतशी, यहुद्यांच्या मांडवांच्या सणाशी, जोडा.

चौलकर: दहा-पंधरा दिवस इकडेतिकडे झाल्यानं शब्द बदलत नाही, ताई.

समीर: मला हा वादच अनाठायी वाटतो. सणाला स्वतःचं नाव आहे, रोश हशाना, म्हणजे वर्षाचं डोकं. हिब्रू भाषांतरात तेच हवं. बोलीतली नावं तळटीपेत जाऊ देत.

कुंदा: समीर, तळटीपेत नाही जाऊ देणार. माझ्या आजीच्या तोंडी ‘रोश हशाना’ कधी आलं नाही. बिरड्याचा रोजा, दरफाळणीचा सण, शिळा सण ही तिची नावं होती. बिरडं मराठी, रोजा फारसी, उपास यहुद्यांचा. ह्यातलं शुद्ध काय ठरवायचं? प्रार्थनाघराला ती मशीदच म्हणायची. मुंबईतल्या १७९६ च्या शार हारहमीमला ‘जुनी मशीद’ म्हणत, पुणेकर ओहेल डेव्हिडला आजही लाल देऊळ म्हणतात.

रसिका: दरफाळणी म्हणजे?

कुंदा: योम किप्पुर, प्रायश्चित्ताचा दिवस. दिवसभर कडक उपास, पांढरे कपडे, दारं बंद.

घाटावरची: पण फाळणे म्हणजे दोन भाग करणे ना? बंद दाराला ‘फाळणी’ कशी?

चौलकर: फळीवरून असणार. जुन्या दुकानांना शटर नव्हतं, खाचेत एकेक फळी सरकवून दुकान बंद करत. दार फळणे, दरफाळणी.

समीर: ‘फळणे’ असं क्रियापद कुणाच्या तोंडून ऐकलंय का? नुसतं ध्वनिसाम्य पाहून व्युत्पत्ती करू नये.

घाटावरची: कुंदाताई, हलव्यातला चीक म्हणजे आम्ही कुरडयांना काढतो तोच का? गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून गाळून रात्रभर ठेवायचं, वरचं पाणी निथळून टाकायचं?

कुंदा: तोच! पुढे आमच्यात नारळाचा रस आणि साखर. आजीनं लिहिलंय, ‘उलथनं जड होईतो ढवळणे, हात सोडू नये’. आई आणि मावशी आळीपाळीनं ढवळायच्या. ताटात थापून गार झाला की कापताना सुरीला चिकटत नाही, तेव्हा जमला. ह्या चिकाला हिब्रूत काय लिहू? ‘गव्हाचं स्टार्च’ लिहिलं तर ती दुकानातून पाकीट आणेल.

रसिका: ‘चीक’च ठेव आणि कृती लिही. शब्द हातानं कळेल तिला.

समीर: ह्यावर माझी हरकत नाही.

कुंदा: आत्ताच मामांना फोन लावला होता, दरफाळणीचं विचारायला. म्हणाले, फळी नव्हतीच आपल्याकडे. अलिबागच्या घराला आडवा लाकडी अडसर होता. त्या संध्याकाळी आजी तो स्वतः सरकवायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

चौलकर: अडसराला तुमच्याकडे दुसरा काही शब्द होता का, विचारा ना त्यांना.