टीच ग्रँट घ्यावी का? चार वर्षं शिकवण्याच्या अटीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लेक येत्या फॉलमध्ये कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला जाईल. हायस्कूलला गणित शिकवायचं हे तिचं पक्कं आहे (निदान आजच्या तारखेला). ग्रीन कार्ड आहे, जीपीए (गुणांची सरासरी) ३.२५ च्या वर आहे, फाफ्सा (सरकारी शिक्षण-मदतीचा अर्ज) भरून झालाय, त्यामुळे कॉलेजने तिला टीच ग्रँट (शिक्षक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी अमेरिकन सरकारची मदत) देऊ केली आहे. कायद्याप्रमाणे वर्षाला ४,००० डॉलर, सरकारी कपातीमुळे हातात थोडे कमी. ऐकायला छान वाटलं, पण 'ॲग्रीमेंट टू सर्व्ह' (ग्रँटच्या बदल्यात शिकवण्याचा करार) वाचायला घेतलं आणि थबकले.

शिक्षण संपल्यावर आठ वर्षांच्या आत चार वर्षं पूर्णवेळ शिकवायचं, तेही शिक्षकांची टंचाई असलेल्या विषयात आणि कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं जास्त असलेल्या शाळेत. विषयाचं टेन्शन नाही, गणित टंचाईच्या विषयांत मोडतंच. घोडं अडतं ते शाळेपाशी. अशा शाळांची सरकारी यादी असते, आणि आमच्या आसपासच्या बहुतेक शाळा त्यात नाहीत. आणि अट पुरी झाली नाही तर सगळ्या रकमेचं अनसब्सिडाइज्ड कर्ज होतं, व्याज पैसे मिळाले त्या दिवसापासून. तीन वर्षं शिकवलं म्हणून पाऊण रक्कम माफ, असंही काही नाही.

नवरा म्हणतो, नावाला ग्रँट, प्रत्यक्षात कर्जच. लेक म्हणते, मला तशाच शाळेत जायचंय. मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत.

विचारायचं ते असं: नोकरीला लागताना शाळा यादीत होती आणि पुढच्या वर्षी वगळली तर? मधेच मास्टर्स किंवा बाळंतपण आलं तर? आणि यंदाची ग्रँट घेऊन बघावी, चौथ्या वर्षाची नको म्हणावं, म्हणजे जोखीम अर्धी, असा माझा हिशोब आहे. चुकतोय का?

अवांतर: 'शिक्षकीत पैसा नाही' हा सल्ला घरच्या ग्रुपवर भरपूर मिळालाय, इथे नको.

प्रतिसाद १

मी हीच ग्रँट घेऊन स्पेशल एज्युकेशन शिकवते. शाळेची काळजी सोडा. तुम्ही शिकवत असताना एक वर्ष जरी ती यादीत असली, तरी त्याच शाळेतली पुढची वर्षं धरली जातात. मात्र निम्म्याहून जास्त तास गणिताचेच असायला हवेत. लहान शाळेत 'जरा सायन्सही घ्या' म्हणतात, तेव्हा वेळापत्रक आधी बघायचं. उच्च शिक्षण, बाळंतपण वगैरेंसाठी आठ वर्षांचं घड्याळ थांबवता येतं, एकूण तीन वर्षांपर्यंत. अर्ज करावा लागतो, आपोआप थांबत नाही.

पूर्वी शिकवत असल्याचा दरवर्षीचा दाखला उशिरा गेला तरी ग्रँटचं कर्ज होत असे, शिकवत असलेल्या लोकांचंसुद्धा! १ जुलै २०२१ पासून नियम सैल झाले. तरी मुख्याध्यापकांच्या सहीची प्रत जपून ठेवतेच, सवय.

प्रतिसाद २

तुमचा 'अर्धी जोखीम' हिशोब उलटा आहे. पदवीच्या काळात एक वर्ष घ्या की चार, सेवा चारच वर्षांची. एकाच वर्षाची घेतली तर चार वर्षांची बांधिलकी अर्ध्या पैशात पदरात. घ्यायची तर दोन्ही वर्षं घ्या, नाहीतर सोडाच.

गणित आहे तर कॉलेजात नॉइस स्कॉलरशिप (गणित-विज्ञानाचे शिक्षक होणाऱ्यांसाठीची) आहे का तेही विचारा. रक्कम बरीच मोठी, पण तिथे मदतीच्या प्रत्येक वर्षामागे दोन वर्षं गरजू स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये शिकवावं लागतं.

धागाकर्ती

दोघांचे आभार. सेवेची वर्षं रकमेवर अवलंबून नाहीत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नॉइसचं सोमवारी विचारते. आता एकच: लेक दुसऱ्या राज्यात गेली तर कुठल्या राज्याची शाळांची यादी बघायची?

प्रतिसाद १

यादी देशभराची एकच आहे, ऑनलाइन शोधता येते, राज्य आणि वर्ष निवडून. ती शिकवेल त्या राज्यातली शाळा बघायची. ऑफर लेटरवर सही करण्याआधी, नंतर नाही.