चिखलदऱ्याले जायचं हाये, पॉइंट सोडून तिथली शेती पाहाले भेटते का?

नेरचा_कास्तकार
नमस्कार मंडळी. आमी यवतमाळ जिल्ह्यातले, नेर तालुका. सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला, आता कापसाची एक वेचणी उरकली की डिसेंबरात चिखलदऱ्याले जायचा इचार हाये. सोबत माय, बायको आन दोन पोट्टे. मायचे गुडघे दुखते म्हणून लय चढ-उतार जमत नाही. कॉलेजात असताना मित्राईसंग गेलतो पण ते पावसाळ्यात, एवढं धुकं की पंचबोल पॉइंटवर उभं राहून समोर दरी हाये हे बी दुसऱ्यानं सांगावं लागे. यावेळी मले तिथले लोकं स्ट्रॉबेरी, कॉफी कशी लावते ते पाहाचं हाये, पोट्ट्याईले बी दाखवाचं हाये. कोणी शेतात जाऊ देते का? आमच्याजवळ फोर व्हीलर नाही, एसटीनं जमते का, अन् मुक्काम किती करावा?

परतवाडेकर
भाऊ डिसेंबर एकदम बरोबर. अमरावतीवरून चिखलदऱ्याची गाडी भेटली तर चांगलं, नाही तर परतवाड्याले उतरा, तिथून वर जाले गाड्या राहते. अमरावती ते परतवाडा 50 एक किमी सपाट रस्ता, तिथून पुढं 30 एक किमी घाट, मायले समोरच्या सीटवर बसवा. पैसे परतवाड्यातच काढून ठेवा कारण वर नेटवर्क कधी राहते कधी नाही, फोनपेच्या भरोशावर राहाचं नाही. अन् थंडीचं मनावर घ्या, वर 1100 मीटरच्या आसपास उंची हाये, खाली स्वेटर लागत नसलं तरी वर सकाळी दातावर दात वाजते. मायसाठी मफलर, पायमोजे नक्की.
वर फिराले जीप ठरवा, पॉइंट एकमेकापासून दूर दूर हायेत. जीपवाले लवकर लवकर सगळं दाखवून मोकळे होते, म्हणून निघाच्या आधीच सांगा की आमाले थांबत थांबत जायचं हाये अन् स्ट्रॉबेरीवाल्या मोथा गावाले बी जायचं हाये. दोन मुक्काम करा, एकात काईच होत नाही.

मेळघाटची_मास्तरीण
दादा, तुमचा प्रश्न वाचून खूप बरं वाटलं कारण लोक वर येतात, दरीसमोर फोटो काढतात, मक्याचं कणीस खातात आणि संध्याकाळी खाली उतरतात. मी या भागात बरीच वर्षं नोकरी केली म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्ट्रॉबेरी बघायची तर मोथा गाव, चिखलदऱ्याच्या अगदी जवळ, घाटाच्या रस्त्यावरच. आमझरीकडेही लावतात. पावसाळा ओसरला की महाबळेश्वर भागातून रोपं आणतात, गादीवाफ्यावर मल्चिंग पेपर, खाली ड्रिप, आणि डिसेंबरपासून फळ सुरू होतं ते मार्चपर्यंत. तुम्ही सकाळी लवकर जा, ऊन चढायच्या आत तोडणी असते. पोरांना आधीच सांगा की फळ बोटांत दाबून ओढायचं नाही, देठ नखाने खुडायचा, फळाला हात कमी लागला पाहिजे, कारण दाबलेलं फळ दुपारपर्यंत काळं पडतं आणि डबीतली बाकीची पण खराब करतं. हे तिथल्या बाया इतक्या सराईतपणे करतात की बघत राहावं. विचारल्याशिवाय वावरात शिरू नका, विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही, आणि निघताना त्यांच्याकडूनच विकत घ्या, भाव करू नका. रात्रभराच्या थंडीत ते पीक जपलेलं असतं हो.

मोथ्यात गवळ्यांची घरं पण आहेत. म्हशीच्या दुधाचा खवा तिथे चुलीवर मोठ्या कढईत आटवतात, एक किलो खव्याला चार-पाच लिटर दूध लागतं, आणि सराटा एक मिनिट थांबला तर तळाशी लागतं म्हणून बाई जागची हलत नाही. आईंना तिथे बसवा, त्या तासभर रमतील, चढायचं काही नाही. गरम खवा आणि रबडी दोन्ही खा.

कॉफी मात्र शेतासारखी दिसत नाही, हे पोरांना आधी सांगा नाहीतर ती शोधत बसतील. मोठ्या झाडांच्या सावलीत झुडपं असतात, मरियमपूरकडे मिशनची जुनी बाग आहे. इंग्रजांच्या काळापासून इथे कॉफी आहे. डिसेंबरात फळं लाल झालेली असतात, एक फोडून बघितलं तर आत चिकट गोड गर आणि दोन बिया एकमेकींना सपाट बाजूने चिकटलेल्या, त्या बिया म्हणजेच कॉफी. बाग खाजगी आहे, परवानगी घेऊनच आत.

आणि एक मनापासून सांगते. आजूबाजूची गावं कोरकू आदिवासी लोकांची आहेत. त्यांच्या वावरात कुटकी (बारीक दाण्याचं भरडधान्य), ज्वारी, मका असतो, उताराच्या हलक्या जमिनीवर ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या पिकं घेतायत. स्ट्रॉबेरी बघायला सगळे थांबतात, कुटकी बघायला कोणी थांबत नाही. तुम्ही शेतकरी आहात, तुम्ही थांबा, बोला त्यांच्याशी. फोटो विचारून काढा, विशेषतः बायकापोरांचे. बाजारात कुटकी मिळाली तर दोन किलो घ्या, भातासारखी शिजवायची, आईंना पचायलाही हलकी.

किल्लेवेडा_अकोला
शेती बघा पण गाविलगड सोडू नका राव. बहामनी काळातला किल्ला आहे, गावापासून जवळच. 15 डिसेंबर 1803 ला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने घेतला, उत्तरेकडून डोंगरातनं तोफा ओढत आणून तट फोडला आणि दोनच दिवसात नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला, म्हणजे वऱ्हाड गेला तो इथूनच. तुम्ही डिसेंबरातच जाताय तर पोरांना नक्की सांगा. पूर्ण किल्ला फिरायला अर्धा दिवस जातो, आईंना दरवाज्यापर्यंतच न्या. पाणी सोबत ठेवा, आत काही मिळत नाही, आणि अंधार पडायच्या आत बाहेर या, हा मेळघाट आहे, अस्वलं असतात.

नेरचा_कास्तकार
लय लय धन्यवाद सगळ्याईले. मास्तरीण ताई तुमचं वाचून मायले आवाज देऊन ऐकवलं, ते म्हणे मले तर खव्याच्या भट्टीजवळच सोडून द्या. एक इचारतो, आमच्याकडं दोन गुंठ्यात स्ट्रॉबेरी लावून पाहाली तर? हिवाळ्यात थंडी तर इकडं बी पडते.

मोथ्याचा_जावई
भाऊ माझे सासरे लावते म्हणून सांगतो. हिवाळ्यात तुमच्याकडं बी रोप जगन, फळ बी धरन, पण या पिकाले थंड रात्री लागते अन् तुमच्याकडं फेब्रुवारी लागला की ऊन तापते, फळ बारीक अन् नरम पडते. वर मार्चपर्यंत तोडा चालते, तिथंच सगळा फरक पडते. रोपाचा, मल्चिंगचा खर्च दोघाईचा सारखाच हाये पण तोडे तुमचे कमी. घरी खाले म्हणून दोन वाफे लावा, पोट्टे खुश होतीन, विकाचा हिशोब करून लावू नका. दुसरं म्हणजे माल नाजूक, वरून परतवाडा-अमरावतीपर्यंत नेता नेता बी खराब होते, म्हणून तर सासरे रस्त्यावरच टेबल टाकून बसते. येणारा गिऱ्हाईक थांबला तर त्या दिवसाचा माल त्या दिवशी जाते.

शनिवार-रविवार सोडून या, रूम स्वस्त भेटते अन् वावरात बोलाले लोकाईजवळ टाइम राहते. अन् वापस जाताना परतवाड्यावरून बहिरम जवळच हाये, डिसेंबरच्या शेवटी यात्रा सुरू राहते, हंडीतलं मटण अन् रोडगे खाऊनच घरी जा. मटण खात नसान तर मुक्तागिरीले जा, 52 जैन मंदिरं हायेत, पण तिथं पायऱ्या लय हायेत, मायले खालीच बसवा लागन.