संकटातली स्त्री आणि रहस्यकादंबरी : वाचनगटासाठी काय निवडावे?

शारदीय

आमच्या वाचनगटाच्या पुढच्या सत्रासाठी मी एक विषय सुचवला आहे : ज्यांच्या केंद्रस्थानी एक स्त्री आहे आणि तिच्याच जिवावर बेतले आहे, अशा रहस्यकादंबऱ्या. त्यावरून गटात बराच वाद झाला. काही जणींचे म्हणणे असे की, या प्रकारात बाईला घाबरवायचे, तिचा पाठलाग करायचा, शेवटी तिला मारायचे किंवा कोणीतरी धावून येऊन तिला वाचवायचे, यापलीकडे काही नसते. मला ते पूर्णपणे पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. कारण पहिल्याच प्रकरणात एका तरुणीचा मृतदेह सापडतो आणि उरलेले सगळे पुस्तक तपास करणाऱ्या पुरुषाच्या हुशारीला वाहिलेले असते, अशा कादंबऱ्या मीही भरपूर वाचल्या आहेत.

म्हणून इथल्या जाणकारांना विचारते. त्या स्त्रीवर संकट नेमके कुठून येते आणि तिला त्यातून सहज बाहेर का पडता येत नाही, याचा खोलवर विचार करणाऱ्या कादंबऱ्या कोणत्या? मूळ इंग्रजी किंवा इंग्रजीत अनुवादित पुस्तके चालतील. शेवट मात्र कृपया फोडू नये.

काळीशाई

सुरुवात विल्की कॉलिन्स यांच्या 'द वूमन इन व्हाइट'पासून करा, असे मी आग्रहाने सांगेन. ही कादंबरी १८५९-६० मध्ये डिकन्सच्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिची मांडणी न्यायालयातल्या साक्षींसारखी आहे. ज्याने जे पाहिले तेवढेच तो सांगतो आणि पुढचे सूत्र दुसऱ्या साक्षीदाराच्या हाती देतो.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर या कादंबरीतल्या एका अत्यंत रूक्ष वाटणाऱ्या प्रकरणात आहे. लॉरा फेअरली या तरुणीचे सर पर्सिव्हल ग्लाइड यांच्याशी लग्न ठरते आणि कुटुंबाचे वकील गिलमोर विवाहाच्या करारनाम्याचा मसुदा करायला बसतात. लॉराच्या नावे वीस हजार पौंड आहेत. ती मूलबाळ न होता पतीच्या आधी वारली, तर ती रक्कम पतीला मिळावी, असा वरपक्षाचा हट्ट आहे. गिलमोर यांना त्यातला धोका लख्ख दिसतो, पण लॉराचे पालक असलेले काका इतके आळशी आणि स्वतःच्या तब्येतीच्या कौतुकात इतके बुडालेले आहेत की, कटकट नको म्हणून ते अट मान्य करून टाकतात. कुठे सुरा नाही, किंकाळी नाही; तरीही वाचकाच्या लक्षात येते की, या मुलीचे मरण आता कोणाच्या तरी फायद्याचे झाले आहे. त्या काळच्या इंग्लंडमध्ये असा वेगळा करार नसेल, तर पत्नीची रोकड आणि जंगम मालमत्ता पतीचीच होत असे. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे झाले ते पुढे, १८७० आणि १८८२ मध्ये. म्हणजे लॉराच्या संकटाचा पाया खलनायकाच्या दुष्टपणाइतकाच त्या काळच्या कायद्यातही आहे.

लग्नानंतरचा एक प्रसंग गटात मोठ्याने वाचून पाहा. सर पर्सिव्हल एक दस्तऐवज समोर ठेवतात. मजकुराचा भाग घडी घालून झाकलेला, फक्त सहीची जागा उघडी. लॉरा एवढेच म्हणते की, काय लिहिले आहे ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही. इतक्या साध्या वाक्यासाठी तिला किती धैर्य गोळा करावे लागते, हे कॉलिन्स यांनी ज्या संयमाने दाखवले आहे, तसे दाखवणारे लेखक मला फार थोडे आढळले.

आणि मॅरियन हॅलकम! लॉराची ही सावत्र बहीण अविवाहित, जवळ पैसा नाही, अधिकार नाही, पण सगळ्या कादंबरीतले सर्वांत तल्लख डोके तिचे. खाली चाललेला कट ऐकता यावा म्हणून ती रात्री रेशमी पोशाख उतरवते, सळसळ होणार नाही असे कपडे घालते, वर काळा झगा पांघरते आणि व्हरांड्याच्या छपरावर जाऊन पावसात भिजत बसते. त्या भिजण्याने तिला ताप चढतो आणि तिची दैनंदिनी मध्येच तुटते. त्यानंतरच्या पानावर जे आहे ते मी सांगणार नाही, पण एखाद्या स्त्रीची खाजगी जागा बळकावली जाणे म्हणजे काय, हे त्या एका पानाइतके अंगावर येणारे मी दुसरीकडे वाचलेले नाही.

वेड्यांच्या रुग्णालयाचा जो धागा कथेत आहे, तोही हवेतून आलेला नाही. कादंबरी सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी, १८५८ मध्ये, लेखक आणि राजकारणी एडवर्ड बुल्वर-लिटन यांनी आपल्या पत्नीला, रोझिना यांना, वेडी ठरवून डांबले होते आणि बाहेर ओरड झाल्यावर काही आठवड्यांत त्यांची सुटका झाली होती.

रानजाई

वरच्या प्रतिसादाशी सहमत, मात्र गटात नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या मैत्रिणी असतील तर एवढ्या जाडजूड पुस्तकाने सुरुवात करू नका. सीलिया फ्रेम्लिन यांची 'द अवर्स बिफोर डॉन' घ्या. आकाराने लहान, १९५८ ची, आणि १९६० मध्ये सर्वोत्कृष्ट कादंबरीचा एडगर पुरस्कार (रहस्यलेखनासाठी दिला जाणारा अमेरिकन पुरस्कार) मिळालेली.

लुईझ ही लंडनजवळच्या उपनगरातली गृहिणी. तान्हे बाळ रात्रभर रडते, मोठ्या मुलींचे करायचे असते, नवऱ्याची झोपमोड होते, शेजारीण तक्रार करते. अशा घरात वरची खोली एका शिक्षिकेला भाड्याने दिली जाते आणि या बाईंचे काहीतरी ठीक नाही, असे लुईझला वाटू लागते. पण अनेक रात्री न झोपलेल्या बाईच्या 'वाटण्या'ला किंमत कोण देणार? नवरा देत नाही आणि हळूहळू तिचीही स्वतःवरची खात्री डळमळते. मध्यरात्री बाळाला बाबागाडीत घालून ती रस्त्यांवर फिरत राहते, ते भाग वाचताना मला अक्षरशः थकवा आला. फ्रेम्लिन यांनी तो अनुभव स्वतः घेतला होता.

मला या पुस्तकाची भीती वाटली ती त्या भाडेकरू बाईंमुळे कमी आणि घरातल्या माणसांमुळे अधिक. त्यांच्यातले कोणीही दुष्ट नाही. फक्त तिचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यायला कोणाला सवड नाही.

तटस्थ

दोन्ही पुस्तके उत्तमच आहेत, पण शारदीय यांच्या मैत्रिणींचा आक्षेप इतक्या सहज बाजूला सारू नये. ब्रिजेट लॉलेस या ब्रिटिश पटकथालेखिकेने २०१८ मध्ये 'स्टॉन्च बुक प्राइझ' नावाचा पुरस्कार सुरू केला. जिच्यात कोणत्याही स्त्रीला मारहाण होत नाही, तिचा पाठलाग, लैंगिक शोषण, बलात्कार किंवा खून होत नाही, अशाच थरारकादंबरीला तो द्यायचा होता. त्यावर व्हॅल मॅकडर्मिड यांच्यासारख्या नामांकित लेखिकांनी हरकत घेतली. पुरुष स्त्रियांवर अत्याचार करत आहेत तोवर आपण त्याबद्दल लिहिणार, म्हणजे ते दुर्लक्षित राहणार नाहीत, असे मॅकडर्मिड यांचे म्हणणे होते.

मी मॅकडर्मिड यांच्या बाजूचा आहे, परंतु अर्धाच. विषय टाळून काहीच साधत नाही, हे मान्य. पण हिंसेचे वर्णन मारणाऱ्याच्या नजरेतून, चवीने, पानेच्या पाने केलेले असते, तेव्हा 'आम्ही वास्तव दाखवतो' हा बचाव मला पोकळ वाटतो. पुस्तक निवडताना मी एक साधी कसोटी लावतो : त्या स्त्रीवर हल्ला होण्याआधी ती काय विचार करत होती, तिला काय हवे होते, हे लेखकाने मला सांगितले आहे का? सांगितले नसेल, तर मी पुस्तक खाली ठेवतो.

काळीशाई

तटस्थ, ही कसोटी मला मान्य आहे आणि ती लावली की नात्सुओ किरिनो यांची 'आउट' (१९९७) यादीत यायलाच हवी. टोकियोच्या उपनगरात जेवणाचे डबे भरणाऱ्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या चार बायका आहेत. त्यांतल्या एकीचा नवरा शिल्लक जुगारात उडवतो, तिला मारतो आणि एका रात्री तिच्या हातून त्याचा खून होतो. प्रेताची विल्हेवाट लावण्याचे काम तिच्या सहकारी मैत्रिणींवर येते. हे कळते ते सुरुवातीलाच, त्यामुळे मी काही फोडलेले नाही. कर्ज, सासूचे आजारपण, रात्रपाळीचे चार पैसे जास्त मिळतात म्हणून दिवसाची झोप विकणे, हे सगळे इतके बारकाईने आले आहे की, पुढचा गुन्हा त्यातून उगवल्यासारखा वाटतो. एक सूचना मात्र द्यायला हवी : हिंसेची वर्णने कठोर आहेत आणि शेवटाविषयी वाचकांत तीव्र मतभेद आहेत. गटातल्या सर्वांना आधी विचारूनच हे पुस्तक ठेवा.

रानजाई

दाफ्ने द्यु मॉरिए यांची 'रिबेका' (१९३८) गटातल्या बऱ्याच जणींनी वाचलेली असेल, म्हणून वेगळे लिहीत नाही. त्यावर बेतलेला 'कोहरा' (१९६४) हा हिंदी चित्रपट मात्र सोबत पाहावा. वाड्याची सूत्रे हाती असलेल्या दाईच्या भूमिकेत आपल्या ललिता पवार आहेत आणि नव्या सुनेला त्या ज्या नजरेने घरात परके करून टाकतात, ती पाहण्यासारखी आहे.

मराठीबद्दल कोणी लिहिले नाही, याची खंत वाटते. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि कितीतरी लोकांना वाचनाची गोडी लावली, पण त्यांचे झुंजार आणि काळा पहाड हे शेवटी धावून येणारे पुरुष नायक. संकटातली बाई स्वतःच आपली गोष्ट सांगते आहे, अशी पूर्ण लांबीची मराठी रहस्यकादंबरी मला मनापासून वाचायची आहे. कोणाच्या संग्रही असेल तर अवश्य सांगावे.

शारदीय

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिल्या बैठकीसाठी फ्रेम्लिन आणि त्यानंतर कॉलिन्स, असे ठरवते आहे. मोठे पुस्तक दोन भागांत विभागून मॅरियनची दैनंदिनी जिथे तुटते तिथे पहिला भाग थांबवीन. 'आउट'बद्दल गटात आधी विचारीन. तटस्थ यांची कसोटी मी आजच गटाला पाठवली आहे आणि आक्षेप घेणाऱ्या मैत्रिणींपैकी एकीने 'द अवर्स बिफोर डॉन'वर प्रास्ताविक करायचे स्वतःहून मान्य केले आहे. मराठी कादंबरीचा शोध मात्र अजून चालूच आहे. जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत एखादे नाव कोणाला आठवत असेल, तर ते इथे नोंदवावे.