ऑइल फिल्टर अजिबात हलत नाहीये आणि ऑइल आधीच काढून बसलोय

नवा_पाना:
मंडळी जरा घाईत विचारतोय, कार अजून जॅक लावून स्टँडवरच आहे. घरी ऑइल बदलायला घेतलं, याआधी दोनदा केलंय आणि दोन्ही वेळा फिल्टर हाताने सुटला होता. मधली एक सर्व्हिस बाहेर झाली, हा तिथे बसवलेला फिल्टर आहे आणि तो दगडासारखा बसलाय. पत्र्याच्या डब्याचा, फिरवून लावायचा प्रकार. बूड खाली आणि थोडं तिरपं, शेजारीच सायलेन्सरचा पाईप, त्यामुळे हात धड आत जात नाही, जेमतेम चार बोटं जातात. आधी हातमोजे घालून फिरवून बघितला, मग रबरी पट्ट्याचा पाना लावला तर तो नुसता घसरतोय, ऑइल लागलंय ना सगळीकडे. जास्त जोर लावला तर बुडाकडे डब्याला पोचा पडला. वरच्या बाजूला जुन्या पान्याच्या दातांचे ओरखडे दिसतायत, म्हणजे बसवतानाच पान्याने आवळलाय असं वाटतं. गंजलेले नट सोडवायचा स्प्रे मारून अर्धा तास ठेवला, काही फरक नाही. शेजारचे काका म्हणतायत मोठा स्क्रूड्रायव्हर आरपार ठोक आणि त्याचाच दांडा करून फिरव. ठोकू का? उद्या सकाळी आईला तपासणीला न्यायचंय, गाडी लागणारच आहे.

काळे_हात:
थांब, स्क्रूड्रायव्हर आत्ता नको.

डबा अजून शाबूत आहे हे लक्षात घे. आज फिल्टर नाहीच सुटला तरी ड्रेन बोल्ट (ऑइल काढायला खालून सोडलास तो) नवीन वायसर टाकून लाव, नवं ऑइल भर, दोन मिनिटं जागेवर चालू ठेवून पोचा पडलाय तिथून गळत नाही ना बघ, आणि जुन्या फिल्टरवरच उद्या आईंना घेऊन जा. जुना फिल्टर आणखी चार दिवस राहिला म्हणून इंजिनाचं काही बिघडत नाही. पण एकदा भोक पाडलंस आणि तरीही तो सुटला नाही तर गाडी जागची हलणार नाही, कारण ऑइल त्या डब्यातूनच प्रेशरने फिरतं, ते सगळं भोकातून बाहेर येईल. आणि थोडं गरम करून बघू म्हणून बिनऑइलचं इंजिन चुकूनसुद्धा चालू करू नकोस. ऑइल काढायच्या आधी विचारलं असतंस तर म्हटलं असतं की दोन-तीन मिनिटं चालव, कोमट झाल्यावर रबर जरा नरम पडतं, आणि ऑइल काढायच्या आधीच फिल्टर अर्धा आटा हलवून बघ. पुढच्या वेळी हे आधी कर.

आता तो अडकतो का ते. आटे गंजून तो सहसा बसत नाही, आटे तर आत ऑइलमध्येच असतात. चिकटते ती तोंडावरची रबर रिंग. बसवताना तिला ऑइलचं बोट फिरवलं नसेल आणि वरून पान्याने आवळला असेल तर रोज गरम-थंड होऊन ती रिंग इंजिनाच्या तोंडाला धरून बसते. म्हणून तुझ्या स्प्रेचा उपयोग झाला नाही, उलट त्याने डबा अजून निसरडा झाला असणार. तो आधी पुसून काढ. ब्रेक क्लीनर असेल तर फडक्यावर घेऊन डबा आणि पट्टा दोन्ही अगदी कोरडे कर, बोट फिरवल्यावर कर्र वाजलं पाहिजे. सायलेन्सर पूर्ण गार झाल्याशिवाय क्लीनर मारू नको, पेटतं ते.

मग जाड पॉलिश पेपरची पट्टी काप, खरखरीत बाजू डब्याकडे ठेवून गुंडाळ आणि त्यावरून पट्टा लाव. पट्टा बुडाकडे लावू नको, तिथे पत्रा पातळ आणि आतून पोकळ, म्हणूनच पोचा पडला. जितका वर, इंजिनाजवळ लावता येईल तितका लाव. तिथे आत जाड लोखंडी चकती असते, ती दबत नाही आणि तुझा जोर थेट आट्यांवर जातो. पट्ट्याचा पाना एकाच दिशेने आवळतो हेही बघ, उलटा लागला असेल तर तो घसरणारच.

आणि दिशा, विचारतोय म्हणून राग मानू नको. खाली झोपून फिल्टरच्या बुडाकडे बघत असशील तर घड्याळाच्या काट्याच्या उलट. पण बॉनेटमधून वरून हात घातलास तर तीच दिशा काट्यासारखी दिसते आणि तिथेच माणूस सोडवायच्या ऐवजी आवळत बसतो. झटके नको देऊस, गाडी स्टँडवर आहे. एकसारखा ओढत राहा आणि पाच-सहा सेकंद जोर तसाच धरून ठेव.

छिन्नी_हातोडा:
वरचं सगळं बरोबर आहे, पण स्क्रूड्रायव्हरबद्दल माझा अनुभव सांगतो, मी दोनदा केलंय. एकदा सुटला. दुसऱ्यांदा पातळ पत्रा होता, स्क्रूड्रायव्हर फिरवला तसा डबा नुसता फाटत गेला, अर्धा गोल फाटला तरी फिल्टर जागचा हलला नाही. फाटलेला पत्रा हाताला ब्लेडसारखा लागतो, माझ्या अंगठ्याला टाके पडले. शेवटी डबा पूर्ण कापून काढला, आतली स्प्रिंग, कागद सगळं उपसलं, मग वर फक्त ती जाड चकती राहिली. तिच्या कडेला छिन्नी तिरपी धरून सोडवायच्या दिशेने हलके हलके ठोकत नेली तेव्हा ती फिरली. दोन तास गेले, आणि छिन्नी घसरून ॲल्युमिनियमच्या तोंडावर चरा पडला असता तर नवा फिल्टरही तिथून गळत राहिला असता.

त्यामुळे ठोकायचाच झाला तर सगळे उपाय संपल्यावर आणि दुसऱ्या दिवशी गाडी लागणार नसेल तेव्हाच. आणि इंजिनाला अगदी लागून मारू नको, डबा ज्या आट्यांच्या नळीवर बसतो ती तिथे आत आलेली असते, तिला घाव बसला तर काम वाढेल. तुझ्या जागी मी असतो तर तीन पायांचा पाना आणला असता. तो बुडावर ठेवून रॅचेटने फिरवला की त्याचे पाय आपोआप आवळत जातात, बाजूला जागा कमी असली तरी चालतं. वाटीसारखा पानाही येतो, पण त्याचे कंगोरे तुझ्या फिल्टरच्या मापाचेच हवेत. आता पोचा पडलाय म्हणजे वाटी नीट बसेल असं वाटत नाही.

सायलेन्सर_गार:
एक छोटीशी भर, उद्या कोणी हे शोधत आलं तर. ज्यांच्या गाडीत प्लास्टिकच्या टोपीतला कागदी फिल्टर आहे त्यांनी यातलं काही करू नका. त्या टोपीला बरोबर मापाचा सहा कोनी सॉकेट लावा, स्क्रूड्रायव्हर किंवा पकड लावली की टोपीचे कोन जातात नाहीतर ती तडकते. बसवताना किती आवळायची ते बऱ्याचदा टोपीवरच लिहिलेलं असतं, २५ न्यूटन मीटर वगैरे, त्यापुढे जाऊ नका.

नवा_पाना:
सुटला!! काळे_हात दादा, खूप खूप आभार.

स्प्रे आणि ऑइल पुसायलाच वीस मिनिटं लागली, तीन फडकी काळी झाली. मग पॉलिश पेपर गुंडाळला आणि पट्टा अगदी वर सरकवला, तिथे आधी हातच पोचत नव्हता म्हणून मी खाली लावत होतो. पुढचं चाक पूर्ण वळवून चाकाच्या बाजूने हात घातला तेव्हा जमलं. पहिल्या दोन वेळा काहीच नाही, तिसऱ्यांदा जोर धरून ठेवला आणि मनात आकडे मोजत होतो, चारला कट्ट असा आवाज आला, मला वाटलं पट्टा तुटला, पण पाना एक बोटभर पुढे गेला होता. त्यानंतर हाताने सुटला.

आता एक शंका. काढलेल्या फिल्टरच्या तोंडावर रबर रिंग नाहीये, खाच रिकामी आहे. बिनरिंगचाच बसवला होता का?

काळे_हात:
नवा फिल्टर लावू नको अजून! रिंग वर इंजिनालाच चिकटून राहिली असणार. टॉर्च मारून बघ, बोट फिरव, काळ्यावर काळं असतं म्हणून नुसतं बघून कळत नाही. तिच्यावरच नवा बसवलास तर दोन रिंगा एकावर एक येतात, आणि गाडी चालू केल्यावर प्रेशर आलं की बाहेरची रिंग सरकून काही सेकंदात ऑइल खाली सांडतं. रिंग नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढ, लोखंडी काही लावू नको, मग तोंड स्वच्छ पुसून घे.

नव्या रिंगवर नव्या ऑइलचं बोट फिरव. फिल्टर हाताने फिरवत ने, रिंग टेकली की तिथून पाऊण फेरा, तोही हातानेच. डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर तेच मान. ऑइल भरल्यावर चालू कर, ऑइलचा लाल दिवा काही सेकंदात विझला पाहिजे, नाही विझला तर लगेच बंद. मग खाली वाकून गळती बघ, बंद करून पाच-दहा मिनिटांनी दांडीवर पातळी तपास, नवा फिल्टर थोडं ऑइल पितो तेवढं वरून घालावं लागेल.

नवा_पाना:
होती! वरच होती. प्लास्टिकसारखी कडक झालेली, काढताना तिचे तीन तुकडे झाले. नाही विचारलं असतं तर तिच्यावरच बसवला असता आणि उद्या आईला घेऊन रस्त्यात उभा राहिलो असतो.

नवा लावला, पाऊण फेरा, हाताने. दिवा लगेच विझला. दहा मिनिटं चालू ठेवली, खाली पांढरा कागद अंथरला होता, एक थेंब नाही. पातळी थोडी कमी आली, तेवढं घातलं. जॅक काढून गाडी खाली घेतलीये, सकाळी निघायच्या आधी कागद परत एकदा बघतो. काकांना पण ती रिंग नेऊन दाखवली, म्हणाले मला हे माहीतच नव्हतं.